सगळ्यांच्या झोपेतली खाडी

जेवणाची ताटं उचलली गेली की अभ्यासिकेचे पडदे ओढले जात. बाहेर लातूरचं ऊन रस्त्यावर पसरलेलं असे आणि आत लांबलचक हॉलमध्ये ओळीने मांडलेल्या खाटांवर मुलंमुली आडवी होत. प्रत्येक जण कानामागे नाण्याएवढी मऊ चकती चिकटवी, पांघरूण ओढून घेई, आणि थोड्याच वेळात सगळ्या हॉलचा श्वास एका लयीत चालू लागे. यालाच गणिताचा तास म्हणत. भेटायला आलेले आईवडील काचेपलीकडे उभे राहून आपल्या झोपलेल्या मुलाकडे कौतुकाने बघत आणि पावलांचा आवाज न करता निघून जात. जाग्या मुलाला मात्र बोलणी बसत. दुपारी डोळे उघडे ठेवून वेळ घालवणं तिथे कुणालाच परवडणारं नव्हतं.

चार्वी नागरगोजे औशाजवळच्या एका गावातून इथे आली होती. तिला एकच परीक्षा द्यायची होती. त्र्यंबकच्या डोंगरात नव्याने निघालेल्या गणित विद्यापीठाची ती प्रवेश परीक्षा. तिथे जागा थोड्या, आणि प्रश्न असे की वाचतावाचता वाट दिसली नाही तर वेळ संपून जाई. चार्वीची अडचण हीच होती. तिला गणित येत होतं, पण सावकाश येत होतं. एखाद्या प्रश्नाजवळ ती बराच वेळ नुसती बसून राही आणि मग कधीतरी उत्तर आपल्या पायांनी तिच्यापाशी येई.

तिचे वडील भागवत नागरगोजे लग्नाचे मांडव घालत. लहानपणी ती त्यांच्या टेंपोतून जाई आणि उभ्या लाकडी बल्ल्यांना छत बांधून झालं की खाली सतरंजीवर उताणी पडून कापडाचा झोळ बघत राही. वारा आला की झोळ हले. एका बाजूचा चढ कमी होई, दुसरीकडचा वाढे. पुढे शाळेत ‘विकलज’ हा शब्द आला. एखादी वक्ररेषा कुठल्या बिंदूपाशी किती झपाट्याने चढते किंवा उतरते, त्याचं ते माप. वर्गातली मुलं गोंधळली, पण चार्वीला वाटलं, हे तर आपण केव्हाच पाहिलेलं आहे.

अभ्यासिकेतल्या झोपेवर देखरेख करायला पाटोदेकर सर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा गिरवतो, हे जुनंच ज्ञान. चकती फक्त गिरवायला कित्ता पुरवते. गणितात मुरलेल्या एका व्यक्तीने ढीगभर प्रश्न सोडवले, त्या वेळी तिच्या मेंदूत विजेच्या ज्या लहरी उठल्या त्या टिपून घेतल्या गेल्या. त्याला म्हणायचं विचारठसा. गाढ झोप लागली की चकती तोच ठसा अगदी हलक्या स्पंदनांनी मुलांच्या मेंदूत उमटवते. कुणाचा ठसा, असं एका मुलीने विचारलं, तेव्हा सर म्हणाले की एका निवृत्त शिक्षिकेचा आहे, नाव गुप्त ठेवलंय आणि त्यांच्या खासगी आठवणी आधीच गाळून टाकल्या आहेत.

पहिल्या काही दुपारी चार्वीला काहीच दिसलं नाही. मग एकदा पाणी दिसलं.

ते तिच्या ओळखीचं पाणी नव्हतं. तिच्या गावचं पाणी तळ्यात असे आणि उन्हाळ्यात आटून जाई. हे पाणी रुंद, हिरवट, सतत कुठेतरी निघालेलं. दोन्ही काठांना माड झुकलेले. पाणी चढत चढत वर येई, काठावरच्या एका काळ्या दगडापर्यंत पोचे आणि तिथे क्षणभर उभं राही. मग जसं आलं तसं माघारी फिरे. उभ्या राहिलेल्या त्या क्षणात तिला कळे की इथे विकलज शून्य आहे, इथेच सर्वांत मोठं मूल्य आहे. कुणी सांगत नसे. पाणीच तसं उभं राही. लांब एक होडी असे, होडीत बनियन घातलेला एक तरणा माणूस, दातांत सुतळीचं टोक धरलेला. तो पाण्याकडे बघून एक डोळा बारीक करी, जणू काही मोजतो आहे, आणि मग हसे.

जाग आली की चार्वीच्या तोंडात खारट चव असे. पेन उचलावं तर हात आपोआप चाले. ज्या प्रश्नांपाशी ती पूर्वी बसून राहायची, ते आता दारातूनच वाट दाखवत. सराव परीक्षांत तिचं नाव वर वर सरकू लागलं. वडिलांना फोनवर सांगताना तिला स्वतःचा आवाज आनंदी वाटला.

हिवाळ्यात एका सकाळी ती आणि तिच्या शेजारच्या खाटेवरची निलोफर मिळून एक प्रश्न सोडवत होत्या. एका श्रेणीतली पदं लहान लहान होत एका संख्येकडे सरकत होती. निलोफर नांदेडची. ती पेन चालवता चालवता सहज पुटपुटली, “आता ओहोटी लागली, बघ.”

चार्वीने तिच्याकडे पाहिलं. निलोफरनेही मान वर केली. मग चार्वीने विचारलं, की होडीतल्या त्या माणसाच्या भुवईवर जखमेची खूण आहे का. निलोफर म्हणाली, डाव्या.

त्यांनी हळूहळू इतरांना विचारलं. कुणाला माड आठवत होते, कुणाला फक्त वास, पण पाणी सगळ्यांनाच आठवत होतं. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. एक मुलगा म्हणाला की पुस्तकात चित्रं असतात तशी झोपेतही असणार. चार्वीला ते पटलं आणि तिने विषय सोडून दिला.

संक्रांतीनंतर ती दोन दिवस घरी गेली. शेजारच्या गावात लग्न होतं, वडिलांनी मांडव घातला होता. ती नेहमीसारखी खाली आडवी झाली. वडील पायाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी जुना खेळ काढला. मधली बल्ली हातभर पुढे घेतली तर झोळ किती खाली येईल? त्यांच्या तोंडातले शब्द संपायच्या आत चार्वीने उत्तर दिलं. वडिलांनी बल्ली हलवून पाहिली. उत्तर बरोबर होतं.

“आता लईच चटकन सांगायलीस, माय,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता.

चार्वी मात्र छताकडे बघतच राहिली. वर कापड होतं, वाऱ्याने हलतही होतं, पण ते तिच्याशी बोलत नव्हतं. उत्तर कापडातून आलं नव्हतं. ते खाडीतून आलं होतं, त्या काळ्या दगडापाशी उभ्या राहिलेल्या पाण्यातून. तिने खूप प्रयत्न करून पूर्वीसारखं बघायचं ठरवलं. छत नुसतं छत राहिलं, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं. ती उठून बसली.

अभ्यासिकेत परतल्यावर ती पाटोदेकर सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते स्वतः एके काळी ठसा टिपणाऱ्या चमूत होते, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. गाळणी लावली होती हे खोटं नव्हतं. बाईंचं घर, त्यांची माणसं, त्यांचे सणवार सगळं निघून गेलं. खाडी तेवढी निघाली नाही.

“ती काढायला गेलो की गणितच निघून यायचं,” सर म्हणाले. “त्यांच्या डोक्यात त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.”

चार्वीने विचारलं की मग माझ्या डोक्यातलं काय झालं. सरांनी चष्मा काढून पुसला. मेंदूत जी वाट जास्त वापरली जाते ती रुंद होते, न वापरलेलीवर गवत वाढतं, एवढंच त्यांना सांगता आलं. परत उघडते का, हे कुणी तपासलेलं नव्हतं. राज्यभरच्या अभ्यासिकांत हाच ठसा चालत होता आणि निकाल चांगले लागत होते, म्हणून तपासायची गरज कुणाला वाटली नव्हती.

तिने त्या बाईंना भेटायचं म्हटलं. सरांनी आधी नाही म्हटलं, परीक्षा जवळ आल्याची आठवण करून दिली. पण आठवड्याभराने त्यांनीच तिला बोलावलं. त्यांनी बाईंना विचारलं होतं आणि बाईंनी तिला येऊ द्या म्हणून कळवलं होतं. त्यांचं नाव वैजयंती मयेकर. मालवणच्या उत्तरेला एका खाडीकाठी त्या भाचीजवळ राहत होत्या.

वडिलांनी कारण फारसं विचारलं नाही. मुलीची झोप बिघडली आहे एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी टेंपो काढला. घाट उतरल्यावर हवा जड झाली, माती तांबडी झाली, आणि एका वळणावर माडांच्या मधून पाणी दिसलं. चार्वीने टेंपो थांबवायला सांगितला. ती खाली उतरून उभी राहिली. पुढच्या वळणावर देऊळ आहे, त्यापलीकडे उतरता धक्का आहे, हे तिला माहीत होतं. ती या गावात जन्मात आलेली नव्हती. तिला भीती वाटली, आणि घरी आल्यासारखंही वाटलं.

मयेकर बाई ओसरीवर खुर्चीत बसलेल्या होत्या. बारीक अंगाच्या, केस पूर्ण पांढरे, नजर मात्र वर्गावरून फिरणाऱ्या शिक्षिकेची. भाचीने दारातच हळू आवाजात सांगितलं की मावशीला हल्ली गोष्टी राहत नाहीत. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, आणि जुन्यातलंही आता गळू लागलं आहे. आजार कळला तेव्हाच तिने ठसा द्यायला होकार दिला होता. डोक्यातलं गणित तरी मागे राहावं म्हणून.

बाईंनी चार्वीला समोर बसवलं. तिचं नाव विचारलं, थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग तिला काय दिसतं ते विचारलं. चार्वीने पाणी सांगितलं, काळा दगड सांगितला. बाई मान हलवत होत्या. मग तिने होडीतला माणूस सांगितला, आणि बाईंची मान हलायची थांबली.

“तो तुका दिसता?” त्या म्हणाल्या. मग स्वतःला सावरून वर्गातल्या भाषेत विचारलं, “चेहरा दिसतो का त्याचा?”

चार्वीने हो म्हटलं.

“मला सांग.”

त्यांचा तो थोरला भाऊ होता, सदानंद. शाळेत कधी टिकला नाही, पण पाण्याचं चढणं-उतरणं त्यानेच बहिणीला मोजायला शिकवलं. काठावर खुणा करून, एक डोळा बारीक करून. एका श्रावणात तो बाहेर समुद्रात गेला तो आलाच नाही. त्या काळी त्याचा फोटो कुणी काढलेला नव्हता. बाईंना त्याचं नाव अजून आठवत होतं, आवाजही थोडा आठवत होता. चेहरा गेल्या वर्षी कधीतरी गेला होता. त्यांना तो गेल्याचं कळलं होतं, तेवढंच कळलं होतं.

चार्वीने सांगायला सुरुवात केली. डाव्या भुवईवरची खूण. कपाळ रुंद. कानाची पाळी जरा बाहेर आलेली. हसला की वरचे दोन दात दिसतात, त्यांतला एक किंचित वाकडा. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, ओठ हलत होते, मुलं पाढे म्हणताना हलतात तसे. वडील पायरीवर बसले होते, त्यांनी तोंड फिरवून माडांकडे पाहिलं.

“वाकडा,” बाई शेवटी म्हणाल्या. “होय. मी हसायची त्याला त्यावरून.”

चहा झाल्यावर बाईंनी विचारलं की चार्वी एवढ्या लांबून नेमकी कशासाठी आली. चार्वीला आता ते सांगणं जड जात होतं. तरी तिने सांगितलं. मांडवाचं कापड, ते गप्प झाल्याचं, सगळं. बाई गंभीर झाल्या. त्या म्हणाल्या की ठसा माझा आहे, मी सांगितलं तर तो परत घ्यावा लागेल त्यांना, तसा करार आहे. सांगू का? चार्वीची नजर माडांपलीकडच्या पाण्याकडे गेली. ठसा पुसला तर हजारो मुलांच्या झोपेतून तो माणूस जाणार होता, आणि त्याला पाहिलेलं दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांचं मन दुसरीकडेच अडकलं होतं. कापडात गणित कसं दिसतं, हे त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी पाण्याखेरीज काही पाहिलं नव्हतं.

“मला शिकव,” त्या म्हणाल्या.

अंगणात चार माडांमध्ये वडिलांनी एक चादर चारी कोपऱ्यांनी सैल बांधली. हे काम त्यांच्या हातचं होतं. बाईंनी कनवटीची सुपारी काढून दिली. चार्वीने ती चादरीच्या कडेवर ठेवली, ती घरंगळत गेली, वळली, मागेपुढे झाली आणि मध्ये थांबली. चार्वी सांगू लागली की जिथे उतार संपतो तिथे सुपारी थांबते. सांगताना सुरुवातीला शब्द खाडीचेच येत होते. ती अडखळली आणि चादरीखाली जाऊन जमिनीवर आडवी झाली. वरून ऊन गाळून येत होतं. वडिलांनी एक कोपरा खाली ओढला, झोळ सरकला. तिला वाटलं काहीतरी हललं. कापडात की आपल्यात, ते कळलं नाही.

बाई चादरीवर वाकून पुन्हा पुन्हा सुपारी सोडत होत्या, दर वेळी वेगळ्या बाजूने.

“माझं पाणी वर जातं नाहीतर खाली,” त्या म्हणाल्या. “तुझ्या कापडाला सगळ्या दिशा आहेत. हे मला कधी दिसलं नाही गो. साठ वर्षं दिसलं नाही.”

निघताना त्यांनी चार्वीचं नाव तिसऱ्यांदा विचारलं.

लातूरला आल्यावर चार्वीने चकती लावणं बंद केलं. दुपारी सगळा हॉल झोपे तेव्हा ती व्हरांड्यात बसून सोडवत राही. तिचे गुण उतरले. पाटोदेकर सरांनी तिला एकदाच समजावलं, मग ते तिच्यासाठी व्हरांड्यात टेबल ठेवून गेले. निलोफरने चकती सोडली नाही. तिच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच, तिला जोखीम घेता येत नव्हती, आणि चार्वीनेही तिला तसं सुचवलं नाही. ठसा तसाच राहिला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही; कदाचित आपण काय विचारलं होतं तेही त्या विसरल्या असाव्यात. रविवारी चार्वी भाचीला फोन लावी आणि बाईंना त्यांच्या भावाचा चेहरा सांगे. दर वेळी त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकत. चार्वीला मात्र आता तो आठवणीतून सांगावा लागे, कारण खाडी रोज दिसत नव्हती. एकदा भुवई डावी की उजवी, यावर ती अडली आणि तिने घाईने निलोफरला विचारून घेतलं.

परीक्षेत तिचे बरेच प्रश्न राहून गेले. जे सोडवले ते कधी पाण्याने सोडवले, कधी कापडाने, आणि काही कशाने ते तिलाही सांगता आलं नसतं. निलोफर यादीत अगदी वर होती. चार्वीला शेवटच्या फेरीत जागा मिळाली.

त्र्यंबकच्या डोंगरात ढग खोल्यांत शिरत. पहिल्या तासाला प्राध्यापक इनामदार बाई आल्या, उंच, हळू बोलणाऱ्या. त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि सांगितलं की याचं उत्तर अजून कुणालाच सापडलेलं नाही, त्यांनाही नाही. तुम्ही सुरुवात कशी कराल तेवढंच बघायचंय. वर्ग आपापल्या पाट्या काढून कामाला लागला. थोड्या वेळाने त्या रांगांमधून फिरू लागल्या. एकेका पाटीवर वाकून बघत त्या पुढे जात होत्या, आणि त्यांची पावलं मंद होत गेली. मुलं नाशिकची होती, गोंदियाची होती, साताऱ्याची होती. सगळ्यांच्या पाटीवर पहिली ओळ एकच होती. दुसरीही. तिसऱ्या ओळीशी पुष्कळ जणांनी एक डोळा बारीक केला होता.

इनामदार बाई फळ्यापाशी परत आल्या. ही वाट चांगली आहे, त्या म्हणाल्या. त्या स्वतः तिच्यावरून गेल्या होत्या. ती एका जागेपर्यंत नेते आणि तिथे थांबते. गेली काही वर्षं येणारी प्रत्येक तुकडी तिथेच जाऊन थांबते आहे, आणि असं का होतं ते त्यांना उमगत नव्हतं.

“कुणाला हे वेगळं दिसतंय का?” त्यांनी विचारलं.

चार्वीच्या पाटीवरही त्याच तीन ओळी होत्या. त्या तिने लिहिल्या तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं, भरतीच्या पाण्यावर पडून राहावं तसं. तिने डोळे मिटले. पाणी होतं, होडी होती, आणि सदानंद हसत होता. तिने त्याला मनातल्या मनात थोडं बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला झाला. त्याच्या पाठीमागे जे होतं ते नीट दिसत नव्हतं. ते खाडीचं नव्हतं आणि मांडवाचंही नव्हतं. असं काही तिने पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

तिने डोळे न उघडताच हात वर केला. पलीकडच्या बाकावरून निलोफर तिच्याकडे बघत राहिली.

“काय दिसतंय?” बाईंनी विचारलं.